क्रिमिनल जस्टिसची पदवी: सही करण्याआधी कर्ज आणि पगार शेजारी मांडून बघा

गेल्या मार्चमधली गोष्ट. न्यू जर्सीत एडिसनला ताईच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कॉलेजांची पत्रं पसरलेली होती. भाचीला क्रिमिनल जस्टिस शिकायचं होतं, म्हणजे पोलिस, न्यायालयं आणि तुरुंग यांचं कामकाज. भाऊजी आयटीतले, घराण्यात आजवर कुणी या वाटेला गेलेलं नाही. "मावशी, तू सांग ना बाबांना," एवढंच ती म्हणाली. भाऊजींचा विरोध पोलिसखात्याला नव्हताच. त्यांना एकच कळत नव्हतं: एवढं कर्ज काढून पोरगी पुढे कमावणार किती?

हा प्रश्न योग्य आहे आणि अमेरिकेत त्याचं उत्तर बऱ्यापैकी आकड्यांत मिळतं. त्या टेबलावर आम्ही ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने इथे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. ही पदवी वाईट नाही, पण तिच्यासाठी महाग कॉलेज परवडत नाही. कारण ज्या नोकऱ्यांसाठी मुलं ती घेतात, त्यांतल्या निम्म्याअधिक नोकऱ्या ही पदवी मागतच नाहीत.

सगळ्यात आधी: मुलाचं इमिग्रेशन स्टेटस काय?

आपल्या मंडळींत हा प्रश्न शेवटी निघतो, म्हणून मी तो सुरुवातीलाच घेते. मूल अमेरिकन नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरून सरकारी कर्ज मिळू शकतं. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्या पालकाच्या आश्रित व्हिसावर असलेल्या मुलाला, ते बालवाडीपासून इथे शिकलेलं असलं तरी, सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ही संपतो. शिवाय एफबीआय आणि बहुतेक संघीय तपास यंत्रणा नागरिकत्व मागतात, आणि न्यूयॉर्क पोलिसांनाही नेमणुकीपर्यंत नागरिकत्व लागतं. कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या काही राज्यांनी कामाची कायदेशीर परवानगी असलेल्यांसाठी नियम सैल केले आहेत, पण त्या भरवशावर चार वर्षांची पदवी निवडू नये.

पुण्याहून किंवा नागपूरहून या विषयात एमएस करायला येण्याचा विचार असेल, तर जरा थांबा. कर्ज भारतातल्या बँकेचं, बहुतेक वेळा घर तारण ठेवून. शिकून झाल्यावर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने. फॉरेन्सिक सायन्स आणि सायबर फॉरेन्सिक हे विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी यादीत आहेत, त्यामुळे तिथे आणखी २४ महिने मिळतात. साधं क्रिमिनल जस्टिस त्या यादीत नाही. वर्दीची नोकरी नागरिकत्वाशिवाय जवळपास बंद, आणि खासगी कंपन्या या पदवीसाठी व्हिसा क्वचितच करतात. गुन्हेगारी शास्त्राची खरी ओढ असेल तर फॉरेन्सिक किंवा सायबरकडे वळा. तारण ठेवलेलं घर आईवडिलांचं असतं, हे विसरू नका.

पायरी १: पदवीआधी नोकरी ठरवा

भाचीला मी विचारलं, "तुला नेमकं काय व्हायचंय?" ती म्हणाली, "समथिंग विथ क्राइम." आमच्या पहिल्या संध्याकाळचा सगळा वेळ या एका उत्तरावर गेला.

या पदवीतून पाच-सहा वाटा फुटतात आणि प्रत्येकीचा पगार वेगळा असतो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या अलीकडच्या आकड्यांनुसार देशभरात पोलिसांचा मध्यक पगार वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास आहे. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्यांचा ६० ते ६५ हजारांच्या मध्ये, तुरुंग अधिकाऱ्यांचा ५५ हजारांच्या जरा इकडेतिकडे. आणि ज्याचा कुणी आधी विचार करत नाही त्या खासगी सुरक्षा रक्षकाचा ३८ हजारांच्या आसपास. हे आकडे वीस-वीस वर्षं नोकरी केलेल्यांनाही धरून आहेत. पहिल्या वर्षी हाती त्याहून कमी येईल, हे गृहीत धरा.

आता त्या नोकऱ्या मागतात काय ते बघा. अमेरिकेत बऱ्याच पोलिस विभागांना हायस्कूल पुरतं. न्यूयॉर्क पोलिसांनी पूर्वीची ६० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कॉलेजात पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) अट २०२५ मध्ये २४ क्रेडिटवर आणली. प्रोबेशनला मात्र सहसा बॅचलर्स लागतेच. एफबीआयच्या स्पेशल एजंटला बॅचलर्स आणि त्यावर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, वय २३ ते ३६. पण पदवी कुठल्याही विषयाची चालते. हिशेब, संगणक, कायदा, भाषा यांना तिथे चांगला भाव आहे. म्हणून एफबीआयचं स्वप्न असलेल्या मुलाला मी क्रिमिनल जस्टिसला मायनर ठेवून अकाउंटिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स मुख्य घ्यायला सांगेन. वर्दीचा बेत बदलला तरी ती पदवी कामाला येते.

एक काम करा. आपल्या गावाच्या किंवा काउंटीच्या वेबसाइटवर जाऊन चालू भरतीची एक जाहिरात उघडा. शिक्षणाची अट, वयाची अट, सुरुवातीचा पगार, परीक्षेची तारीख या चार ओळी कागदावर उतरवा. जाहिरात हाती आली की घरातला वाद बराच शांत होतो. आमच्याकडे तसंच झालं.

पायरी २: कॉलेज स्कोअरकार्ड वाचायला शिका

अमेरिकेच्या शिक्षण खात्याची कॉलेज स्कोअरकार्ड ही मोफत वेबसाइट २०१५ पासून आहे. कॉलेजचं नाव टाका आणि 'फील्ड्स ऑफ स्टडी'मध्ये क्रिमिनल जस्टिस अँड करेक्शन्स शोधा. त्या कॉलेजातून तीच पदवी घेतलेल्यांची मध्यक कमाई आणि मध्यक कर्ज शेजारीशेजारी दिसतं. संपूर्ण कॉलेजचा सरासरी आकडा घेऊ नका. एकाच कॉलेजातला नर्सिंगचा विद्यार्थी आणि क्रिमिनल जस्टिसचा विद्यार्थी यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि माहितीपत्रकात छापतात तो या दोघांना एकत्र करून काढलेला आकडा.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

कमाईचा आकडा फक्त सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचा असतो. कर्जाचा आकडा फक्त पदवी पूर्ण केलेल्यांचा आणि फक्त विद्यार्थ्याच्या नावावरच्या सरकारी कर्जाचा असतो. पेरेंट प्लस, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं सरकारी कर्ज, वेगळं दाखवतात आणि खासगी बँकेचं कर्ज तर त्यात येतच नाही. भाऊजींनी "मध्यक कर्ज २५ हजार" वाचून सुटकेचा श्वास टाकला होता. मी त्यांना पेरेंट प्लसची ओळ दाखवली.

तिसरी गोष्ट म्हणजे पूर्ण न करणारे. तिथेच ग्रॅज्युएशन रेट दिलेला असतो, तो बघा. दोन वर्षांनी शिक्षण सोडलेल्या मुलाच्या गळ्यात कर्ज राहतं आणि हातात पदवी नसते. कर्जात बुडालेल्यांत या मुलांचं दुःख मला सगळ्यात जास्त जाणवतं. त्यांच्यातल्या अनेकांच्या डोक्यावरचं कर्ज फार मोठंही नसतं.

एक नवी गोष्टही माहीत असू द्या. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने कमाईची कसोटी आणली आहे. बॅचलर्स अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मध्यक कमाई फक्त हायस्कूल झालेल्या २५ ते ३४ वयाच्या कामकऱ्यांपेक्षा कमी निघाली, आणि असं तीन वर्षांतल्या दोन वर्षी झालं, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद होतं. स्कोअरकार्डवरचा आकडा हायस्कूलवाल्यांच्या कमाईला जेमतेम शिवत असेल तर त्या कॉलेजपासून लांबच राहा.

पायरी ३: कॉलेजचं मदतपत्र चिरून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे मी रेंगाळणार आहे.

टेबलावरच्या तीन पत्रांतलं सगळ्यात देखणं पत्र एका खासगी कॉलेजचं होतं. जाड कागद, वर भाचीचं नाव, खाली अभिनंदन. त्यात लिहिलं होतं: वर्षाचा एकूण खर्च ५६,५०० डॉलर. तुमची मदत ५६,५०० डॉलर. तुमची शिल्लक शून्य. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, पोरीला फुकट घेतलं.

मी पेन घेऊन मदतीच्या ओळी फोडल्या. स्कॉलरशिप २८,०००. वर्क-स्टडी ३,०००, म्हणजे तिने कॅम्पसवर काम करून मिळवायचे. डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोन, म्हणजे तिच्या नावावरचं सरकारी कर्ज, ५,५००. पेरेंट प्लस २०,०००. म्हणजे 'मदत' म्हणून लिहिलेल्या रकमेतले २५,५०० डॉलर हे कर्ज होतं. त्यातले वीस हजार कायद्याने भाऊजींच्या नावावर.

पुढे आणखी एक खाच होती. पत्र फक्त पहिल्या वर्षाचं असतं. नव्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून पेरेंट प्लसला एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार ही मर्यादा आहे. तीन वर्षं वीस-वीस हजार घेतले की साठ झाले. चौथ्या वर्षाला पाचच हजार उरतात. बाकीचे कुठून आणणार? खासगी बँकेकडून, तिच्या व्याजाने. सीनियर वर्षात कॉलेज सोडताही येत नाही, त्यामुळे तेव्हा माणूस मिळेल त्या दराने सही करतो.

तुम्हीही असंच करा. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. एकात परत न करायचे पैसे, म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप. दुसऱ्यात परत करायचे पैसे. वर्क-स्टडी दोन्हींच्या बाहेर ठेवा. एकूण खर्चातून पहिला रकाना वजा करा. उरलं त्याला चारने गुणा. स्कॉलरशिप चारही वर्षं टिकते का आणि तिला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, हे कॉलेजला ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर चालणार नाही.

पायरी ४: रकमेचा महिन्याचा हप्ता करा

आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकार पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज देतं. चार वर्षांचे २७ हजार झाले. २०२५-२६ सालासाठी त्याचा दर ६.३९ टक्के ठरला आणि पेरेंट प्लसचा ८.९४.

दहा वर्षांत फेडायचं धरलं तर २७ हजारांचा हप्ता महिन्याला सुमारे ३०५ डॉलर. ६५ हजारांच्या पेरेंट प्लसचा सुमारे ८२० डॉलर. दोन्ही मिळून ११२५, आणि शिकत असताना चढणारं व्याज मी यात धरलेलंही नाही. पहिला पगार ४८ हजारांचा असेल तर कर कापून महिन्याला हातात तीन ते सव्वातीन हजार येतात. त्यातून भाडं, गाडी, गाडीचा विमा. एकट्या मुलीला हे झेपणार नाही, म्हणजे भाऊजी साठीच्या पुढेही हप्ता भरत बसणार.

नव्या कर्जांना मोठ्या रकमेसाठी १५, २० वर्षांची मुदत मिळेल. हप्ता लहान दिसेल पण एकूण व्याज फुगेल. कॉलेजांची तुलना करताना सगळीकडे दहाच वर्षं धरा.

माझी रेघ अशी: मुलाचं सगळं कर्ज, आईवडिलांनी त्याच्यासाठी काढलेलं धरून, पहिल्या वर्षाच्या पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये. सर्वसाधारण सल्ला पूर्ण वर्षाच्या पगाराइतकं चालेल असा असतो. या क्षेत्रात मी निम्मं म्हणते, कारण इथे पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी, वैद्यकीय, मानसशास्त्रीय आणि पार्श्वभूमीची तपासणी असते. हे सगळं व्हायला वर्ष लागू शकतं. शिक्षण संपल्यावर हप्ता सुरू होण्याआधीची सवलत मात्र सहाच महिन्यांची असते.

पायरी ५: 'सरकारी नोकरी लागली की कर्ज माफ' हे नीट समजून घ्या

पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस २००७ च्या कायद्याने आलं. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करताना १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. पोलिस, प्रोबेशन, न्यायालय, सरकारी तुरुंग सगळे पात्र. योजना खरी आहे आणि लोकांची कर्जं माफही झाली आहेत.

पण ती तुमच्या घराला कितपत लागू पडते? इथे हुद्दा बघत नाहीत, पगार कोण देतं ते बघतात. खासगी कंपनी चालवत असलेल्या तुरुंगातली नोकरी पात्र नाही. आणि पेरेंट प्लस हे आईवडिलांचं कर्ज असल्यामुळे त्यासाठी नोकरीही आईवडिलांचीच बघितली जाते. मुलगी पोलिसात असली तरी आयटीत काम करणाऱ्या वडिलांचं कर्ज माफ होत नाही. शिवाय नव्या पेरेंट प्लसना उत्पन्नावर आधारित हप्त्याची सोयही राहिलेली नाही.

मुलीच्या स्वतःच्या कर्जाचं काय? उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या नव्या सरकारी आरएपी योजनेत ४८ हजारांच्या उत्पन्नाला ४ टक्के, म्हणजे महिन्याला १६० डॉलर हप्ता बसतो. सुरुवातीला मोठा दिलासा आहे. पगार ७५ हजारांवर गेला की तोच हप्ता सव्वाचारशेच्या वर जातो. म्हणजे कर्ज २७ हजारांचं आणि पगार चढता असेल तर दहा वर्षांनी माफ करायला फारसं उरतच नाही. कर्जमाफीच्या आशेवर महाग कॉलेज निवडण्यात म्हणूनच अर्थ नाही.

पायरी ६: स्वस्त वाट शोधा

ही पदवी मुळात पोलिसांसाठीच सुरू झाली. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज आज या विषयातलं मोठं नाव आहे. १९६४ साली त्याची स्थापना झाली ती नोकरीतल्या पोलिसांना शिकता यावं म्हणून. १९६८ च्या कायद्याने तर पोलिसांना शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळू लागला आणि देशभर असे विभाग उभे राहिले. ती उलटी वाट आजही खुली आहे. आधी नोकरी, मग पदवी. बरेच पोलिस विभाग शिक्षणाची फी परत देतात, काही ठिकाणी पदवीसाठी पगारात भरही मिळते. बऱ्याच विभागांत अकॅडमीतल्या प्रशिक्षणाच्या काळातही पगार चालू असतो.

आधी शिकायचंच असेल तर आपल्या राज्यातली सरकारी कॉलेजं बघा. जॉन जेची फी न्यूयॉर्कच्या रहिवाशाला वर्षाला ६,९३० डॉलर आहे. आमच्यासारख्या न्यू जर्सीवाल्यांना क्रेडिटमागे ६२०, म्हणजे वर्षाच्या ३० क्रेडिटना १८,६००. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की फी अडीचपटीहून जास्त होते. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरी केली की राज्याच्या कायद्यानुसार ती क्रेडिट्स राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत चालतात. रटगर्सचं स्कूल ऑफ क्रिमिनल जस्टिस न्यूअर्कला आहे, घरून ट्रेनने जाता येतं.

फक्त नफ्यासाठी चालणाऱ्या, टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या कॉलेजांपासून जपा. शिकागोतही शाखा असलेल्या वेस्टवुड कॉलेजचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. इलिनॉयच्या अॅटर्नी जनरलने २०१२ मध्ये खटला भरला, आरोप नेमका क्रिमिनल जस्टिसच्या अभ्यासक्रमाबद्दल. मुलांना पोलिसात नोकरीची आशा दाखवली, पण त्या कॉलेजची मान्यता ज्या प्रकारची होती ती अनेक पोलिस विभाग धरतच नव्हते. २०१५ मध्ये तडजोड झाली आणि २०२२ मध्ये संघीय शिक्षण खात्याने वेस्टवुडच्या ७९ हजार विद्यार्थ्यांचं दीड अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. मधली वर्षं त्या मुलांना कोण परत देणार? म्हणून ज्या विभागात जायचं आहे तिथे फोन करा आणि एकच विचारा: "या कॉलेजची क्रेडिट्स तुम्ही धरता का?"

पायरी ७: कर्ज थकलं तर नोकरीही जाते

हे मलाही त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. एफबीआयच्या अपात्रतेच्या यादीत गुन्हा आणि अमली पदार्थांच्या शेजारीच एक ओळ आहे: सरकारी हमीचं शैक्षणिक कर्ज थकवलेलं असणं. स्थानिक पोलिससुद्धा पार्श्वभूमी तपासताना क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, मागवतात, कारण पैशाने अडलेला अधिकारी लाचेला बळी पडू शकतो अशी त्यांची धारणा असते. ज्या नोकरीसाठी कर्ज काढलं तिचं दार त्या कर्जामुळेच बंद होऊ शकतं. हप्ता झेपत नसेल तर थकवण्याआधी कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करून उत्पन्नावर आधारित हप्ता मागा.

भाचीने ती ओळ दोनदा वाचली. मग ते जाड कागदाचं पत्र स्वतःच उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मिडलसेक्स कॉलेज या आमच्या काउंटी कॉलेजची फी बघायला बसली. आम्ही मांडलेलं गणित असं होतं: दोन वर्षं तिथे, कर्ज न काढता, पुढची दोन रटगर्सला घरून, वर्षाला साडेसात हजार कर्ज. एकूण १५ हजार, हप्ता १७० डॉलर, सगळा तिच्या स्वतःच्या नावावर. भाऊजींनी कागदावर "पेरेंट प्लस" लिहून पुढे शून्य घातलं आणि तिला विचारलं, "ती पोलिसभरतीची परीक्षा कधी असते म्हणालीस?"